सुरतेची जुनी कबरस्ताने आणि भुताची आवई : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

सुरतेच्या जुन्या इंग्रज आणि डच कबरस्तानांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कळकळीने लिहिलेत, याबद्दल प्रथम आभार मानते. आपले बालपण सुरतेत गेले, असे आपण म्हणता. कतारगाम दरवाजाजवळची ही जागा झपाटलेली आहे, दिवेलागणीनंतर तिकडे कोणी फिरकत नाही, घुमटाखालून कुजबुज ऐकू येते आणि तरीही मी वाचकांना तिथे जाण्याचा आग्रह करते, हा आपला पहिला आक्षेप. ज्या जॉर्ज ऑक्झिंडेनने १६६४ साली शिवाजी महाराजांच्या फौजेपुढे इंग्रजांची सुरतेची वखार लढवली, त्याच्या थडग्याच्या पडझडीबद्दल मराठी माणसाने हळहळू नये, हा दुसरा. म्हणून लेख काढून टाकावा, निदान वर ठळक इशारा द्यावा, असे आपण सुचवले आहे.

कुजबुजीविषयी आधी लिहिते. ती मीही ऐकली. ऑक्झिंडेन बंधूंचे थडगे म्हणजे दोन मजली, घुमटांची, जाड खांबांवर उभी असलेली मोठी इमारत आहे. घुमटाच्या आतल्या अंगाला पारवे बसतात आणि त्यांचे घुमणे गोल छतावर आपटून अशा रीतीने खाली येते, की ते नेमके कोणत्या बाजूने आले हे कानाला ठरवता येत नाही. आपण स्वतः बोललो तर आपलाच आवाज क्षणभराने, थोडा जाड होऊन, पाठीमागून आल्यासारखा वाटतो. तिन्हीसांजेला, आसपास माणूस नसताना, हे ऐकून लहान मुलाच्या अंगावर काटा आला असेल तर त्यात नवल नाही, आणि त्या भीतीला मी खोटे म्हणत नाही. माझी तक्रार त्या भीतीची पुढे जी आवई होते तिच्याबद्दल आहे, कारण अशी आवई उठलेल्या जागेवर शेजाऱ्यांचे लक्ष राहत नाही. मग रात्री बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना आणि भुताचे व्हिडिओ काढणाऱ्यांना ती मोकळी मिळते. भिंतीच्या गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली नावे मी पाहिली. कोरताना निघालेल्या पापुद्र्यांखाली विटा उघड्या पडल्या होत्या. ज्या जागेला लोक भितात, तिची नासधूस झाली तर कोणी हटकत नाही.

त्याहून मोठे नुकसान असे, की भुताला नाव लागत नाही. ‘तिथे कोणी गोरा साहेब फिरतो’ एवढ्यावर गोष्ट संपते, आणि कोण पुरले आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. त्या इमारतीत प्रथम पुरला गेला तो जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर ऑक्झिंडेन, १६५९ साली. त्याच्यासाठी लिहिलेला लॅटिन मृत्युलेख सगळा व्यापाऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेत आहे. त्याला आपल्या हिशेबात वर्षे मांडता आली नाहीत, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने एकाएकी हिशेब मागितला, असे त्यात म्हटले आहे. पुढे मालकांना उद्देशून विचारले आहे की तोटा किती आणि नफा किती. तुम्ही नोकर गमावलात, आम्ही सोबती गमावला, त्याने प्राण गमावले. पण मरण हा आपला लाभ, असे तो जमेच्या बाजूला लिहू शकतो. घरापासून हजारो कोस दूर मेलेल्या सहकाऱ्यासाठी वखारीतल्या माणसांनी त्यांना अवगत असलेल्या एकाच भाषेत, वहीखात्याच्या भाषेत, केलेला हा शोक आहे. मला तो कोणत्याही भुताच्या गोष्टीपेक्षा अधिक चटका लावून गेला.

आता महाराजांविषयी. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, धनिक पळाले, आणि इंग्रज व डच आपापल्या वखारी धरून राहिले. जॉर्ज ऑक्झिंडेन त्या वेळी इंग्रजांचा प्रेसिडेंट, म्हणजे वखारीचा प्रमुख, होता. औरंगजेबाने आणि ईस्ट इंडिया कंपनीनेही पुढे त्याचा गौरव केला. त्यामुळे तो विरुद्ध पक्षात उभा होता, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे. परंतु त्या चार-पाच दिवसांत काय घडले, याचे आपल्याला ठाऊक असलेले कितीतरी तपशील त्याच वखारीतल्या माणसांच्या लेखणीतून आले आहेत. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला होता, त्याला महाराजांसमोर नेण्यात आले, आणि सुटून आल्यावर त्याने जे सांगितले ते इंग्रजांनी टिपून ठेवले. सुरतेच्या वखारीने हा सगळा पत्रव्यवहार जपला म्हणून १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाला शिवकालीन इंग्रजी कागद छापता आले.

आणि दहा वर्षांनी काय झाले पाहा. जॉर्ज १६६९ साली सुरतेतच वारला. १६७४ मध्ये त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून वकील म्हणून रायगड चढून गेला आणि ६ जूनला राज्याभिषेकाच्या दरबारात त्याने महाराजांना लवून मुजरा केला. सिंहासनाजवळच्या भाल्यांवरची चिन्हे, सोन्याची माशाची डोकी, न्यायाचा तराजू, हे सारे त्याने रोजनिशीत नोंदवले. दरवाजापाशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे पाहून इतक्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, असा अचंबाही त्याने लिहून ठेवला आहे. राज्याभिषेकाची चित्रे आपण घराघरांत लावतो. त्यांतला वाकून उभा असलेला टोपीकर तो हाच. ज्या घराण्याने सुरतेत मराठ्यांवर बंदुका रोखल्या, तेच दहा वर्षांत रायगडावर नजराणा घेऊन आले, हा महाराजांच्या सामर्थ्याचा केवढा मोठा पुरावा आहे! त्या पुराव्याचे एक टोक रायगडावर आहे आणि दुसरे कतारगामला पिंपळाच्या मुळांखाली उकलत चालले आहे. म्हणून मी हळहळते.

डच कबरस्तानाचा आपण उल्लेख केला नाही, पण तिथे डच कंपनीचा अधिकारी हेन्द्रिक व्हान रेडे पुरलेला आहे. तो १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेकडे येताना समुद्रात वारला. इंग्रजांच्या ऑक्झिंडेनवर मात करावी म्हणूनच डचांनी त्याचे थडगे इतके भव्य बांधले, असे सांगतात. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला १६७८ पासून छापला गेला. त्या कामात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचे कोंकणीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे, आणि नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या छापील नमुन्यांत त्याची गणना होते. गोव्या-कोकणातल्या कोणाही वाचकाला या थडग्याशी नाते सांगायला एवढे पुरेसे वाटते.

गडकोटांची आबाळ होत असताना या थडग्यांवर खर्च कशाला, असेही आपण विचारले आहे. ही दोन्ही ठिकाणे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आधीच आहेत, तेव्हा गडांचा पैसा इकडे वळवा असे मी कधीच म्हटले नाही. चुन्याच्या बांधकामाला मुख्य धोका पाण्याचा आणि झाडांचा असतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी भेगेत रुजते, त्याचे मूळ भेग रुंदावते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी सरळ गाभ्यात उतरते. रोप बोटाएवढे असताना उपटले तर कामगाराचे पाच मिनिटांचे काम आहे. खोड झाल्यावर घुमट उतरवल्याशिवाय ते निघत नाही. याला मोठा निधी लागत नाही, वेळेवर कोणीतरी पाहणारे लागते.

लेख मी काढणार नाही. इशारा मात्र आजच जोडते आहे : उजेडी जावे, फाटक बंद असेल तर राखणदाराची परवानगी घ्यावी, वरच्या मजल्यावर कठड्याला टेकू नये, पावसाळ्यात गवतात पायाखाली पाहून चालावे, आणि भिंतीला खडू, कोळसा, खिळा काहीही लावू नये.

आपल्याला एक विनंती आहे. व्हान रेडेच्या थडग्यात एके काळी भिंतींवर चित्रे होती आणि कोरीव लाकडाच्या खिडक्या होत्या, असे जुन्या वर्णनांत आढळते. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कोणी ती पाहिली असतील, किंवा त्या आवारात काढलेला एखादा जुना कौटुंबिक फोटो असेल, तर कृपया कळवावे. ती माहिती लेखात आपण सांगाल त्या शब्दांत घालीन.