आरशात आपलीच गाडी कशाला पाहायची?

कोणाचीही गाडी चालवायला घेतली की एक गोष्ट हमखास आढळते: बाहेरच्या दोन्ही आरशांचा बराचसा भाग त्याच गाडीच्या दारांनी आणि हँडलांनी व्यापलेला असतो. बहुतेकांना तसेच शिकवलेले असते आणि गाडीची कड दिसली की मनाला बरेही वाटते. पण आपली गाडी काही पळून जाणार नसते. पाहायची असते ती शेजारच्या लेनमधली दुसऱ्याची गाडी, आणि नेमकी तिच्या वाट्याची जागा आपण आपल्या दाराला देऊन बसतो. थेट मागचे दृश्य आतल्या आरशात असतेच. तेच बाहेरच्या आरशांत पुन्हा पाहण्यात काय हशील?

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ साली एका शोधनिबंधात यावर साधा उपाय मांडला. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला तो असा लागू होतो: आधी सीट नीट करून आतल्या आरशात मागची काच पूर्ण घ्यावी, मग डोके उजव्या काचेला जवळजवळ टेकवून उजवा आरसा इतका बाहेर फिरवावा की गाडीची कड जेमतेम दिसेल, नंतर डोके दोन सीटांच्या मध्यावर नेऊन डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशांतून नाहीशी होते आणि सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. मात्र उजवीकडून पुढे निघालेली बस आतल्या आरशातून सुटता सुटता उजव्या आरशात शिरते, आणि तिथूनही सुटेपर्यंत तिचे नाक आपल्या खिडकीपाशी, डोळ्याच्या कोपऱ्यात आलेले असते.

मुंबईत अटल सेतूवर किंवा कोस्टल रोडवर हे उत्तम चालते, कारण तिथे लेन रुंद आहेत आणि दुचाकींना प्रवेश नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर किंवा एलबीएस मार्गावर मात्र मला ही पद्धत जशीच्या तशी मान्य नाही. तिथला धोका म्हणजे आपण आणि बस यांच्यामधल्या हातभर फटीतून डावीकडून घुसणारी मोटारसायकल. ती मागच्या दाराला हँडल घासेल इतक्या जवळून येते आणि फार बाहेर फिरवलेल्या आरशाच्या आतल्या बाजूने निसटू शकते. म्हणून शहरात डाव्या आरशात गाडीची बारीकशी कड राहू द्यावी, असे माझे मत आहे. आणि तो आरसा उघडा ठेवावा, हेही सांगावे लागते; धक्का लागून तुटेल म्हणून तो मिटवून गाडी हाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

बाहेरचे आरसे सहसा बहिर्गोल असतात, त्यामुळे त्यांत वाहने लहान आणि म्हणून लांब भासतात. अंतराचा अंदाज आतल्या सपाट आरशातून घ्यावा, ज्यासाठी मागच्या काचेपाशी रचलेल्या उशा आधी काढाव्या लागतील. त्याच आरशाखाली बहुतेक गाड्यांत एक छोटी कळ असते. रात्री मागच्याचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा प्रखर झोत, डोळ्यांवर आला की ती ओढावी. कितीही नीट लावले तरी लेन बदलण्यापूर्वी मान वळवून एकदा पाहणे काही चुकत नाही.

सोसायटीच्या खांबांमध्ये रिव्हर्स घेताना मात्र आपली कड दिसायलाच हवी. ज्यांच्या आरशांना बटण आहे त्यांनी ते तेवढ्यापुरते आत वळवावेत, इतरांनी खिडकीतून डोके बाहेर काढावे, आणि वॉचमन कितीही आत्मविश्वासाने ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असला तरी त्याच्यावर विसंबू नये.