फोर-व्हील ड्राइव्ह असली म्हणून गाडी लवकर थांबत नाही

"ऐपत असेल तर डोळे झाकून फोर-व्हील ड्राइव्ह घ्या. ती लवकर थांबते, पावसात घसरत नाही, कुठेच अडकत नाही. फ्रंट-व्हील म्हणजे नाइलाजाची गाडी." हा सल्ला सगळीकडे फिरतोय आणि लोक त्यावर विसंबून मोठा खर्च करतात. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी, फ्रंट-व्हील म्हणजे फक्त पुढच्या दोन चाकांना देणारी.

"लवकर थांबते" हा त्यातला सर्वांत घातक भाग. इंजिनाची ताकद दोन चाकांना जावो की चार, ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबायला किती अंतर लागेल ते टायर, रस्ता आणि वेग ठरवतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर साधारण चौपट होतं. शिवाय निसरड्या रस्त्यावर दोनच चाकांना ताकद देणारी गाडी निघतानाच चाक जागच्या जागी फिरवून सावध करते. चारही चाकं ओढत असली की गाडी सहज वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे हे थेट ब्रेक मारल्यावर कळतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वळणावरही शेवटचा शब्द टायरचाच. साचलेल्या पाण्यावर झिजलेला टायर तरंगू लागला, तर ताकद किती चाकांना जाते याने काही फरक पडत नाही.

"कुठेच अडकत नाही" हे मात्र अर्धं खरं आहे. सुट्या मातीच्या तीव्र चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होऊन नुसती फिरतात. तिथे फोर-व्हील ड्राइव्ह खरोखर कामाला येते. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या व्यवस्था खपवल्या जातात. बऱ्याच ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालतात आणि गरज पडली की मागे ताकद पाठवतात. लिव्हर किंवा बटणाने जोडायच्या जुन्या पद्धतीच्या फोर-व्हीलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून ठेवली तर गिअर आणि शाफ्टवर ताण साठत जातो. म्हणजे कोरड्या रस्त्यावर ही गाडी दोनच चाकांना ताकद देऊन चालवायची असते.

फ्रंट-व्हीलला नाइलाज म्हणणं तर अन्यायच आहे. १९५९च्या मिनी या ब्रिटिश गाडीने आडवं इंजिन आणि पुढची चालती (म्हणजे ताकद मिळणारी) चाकं यांतून छोट्या गाडीत केवढी जागा काढली! इंजिनाचं वजन चालत्या चाकांवर पडतं, म्हणून पकडही चांगली मिळते. मागे जड ट्रेलर ओढायचा असेल तर मागच्या चाकांना ताकद देणारी रिअर-व्हील बरी, कारण भार चालत्या चाकांवर येतो.

रोजच्या वाटेत चिखल, बर्फ किंवा खडे कच्चे चढ असतील तर फोर-व्हील जरूर घ्या, आणि लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) आहे का ते पाहा. नसतील तर तो पैसा उत्तम टायरवर घाला आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल निवडा. ऑल-व्हील घेतलीच तर चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवावे लागतात. एकच टायर फाटला तरी अनेकदा चारही बदलावे लागतात. तो खर्च गाडी घेतानाच हिशेबात धरा.