जावईबापूंचा लोड फॅक्टर

गेल्या दीड वर्षात मी सासुरवाडीला नऊ वेळा गेलो. त्याआधीच्या अकरा वर्षांत सात वेळा. माया वाढली असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. आमच्या सासऱ्यांच्या गावाला पुण्याहून विमान सुरू झालं होतं आणि ते बंद पडू नये ही जबाबदारी माझ्यावर होती.

गावाचं नाव सांगत नाही. दिवाळीला तिथंच जेवायचं असतं.

तिथली धावपट्टी जुनी. निवडणुकीत एखादं हेलिकॉप्टर उतरायचं, तेवढीच तिची कमाई. एरवी सकाळी ज्येष्ठ नागरिक, दुपारी शेळ्या आणि संध्याकाळी दुचाकी शिकणाऱ्या मुली. आमची ही स्कूटी तिथंच शिकली. अजूनही ती सिंहगड रोडवर समोर दोन किलोमीटर मोकळे आहेत असं धरूनच चालवते.

अण्णा, म्हणजे सासरे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि आठवड्याभरात विमानसेवा कृती समितीचे सचिव झाले. २०१६ मध्ये लहान गावांना विमानानं जोडणारी केंद्राची उडान योजना आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागा अडीच हजारांत, कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकार भरून देणार आणि त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून वर्गणी. पुणेकराला वर्गणी समजावून सांगावी लागत नाही. ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला जाताना आपणही पावती फाडतोय आणि मांडव मात्र सासुरवाडीत पडणार, हे मला तेव्हाच कळलं.

पेढे संपले, विमान येईना. मी एकदा फोनवर हसलो, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुमच्या एवढ्या मोठ्या पुण्याला स्वतःचा विमानतळ आहे का? लोहगाव हवाई दलाचं. आधी चाकण म्हणालात, मग राजगुरुनगर, आता पुरंदर. आमची धावपट्टी आमची आहे."

"पण अण्णा, आमच्याकडे विमानं आहेत."

"ती येतील," अण्णा म्हणाले. "धावपट्टी कुठून आणाल?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

सोलापूरवर मात्र अण्णांचा राग होता. तिथं विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी उभी होती. वर्षानुवर्षं वाद, मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं आणि गोव्याचं विमान उडायला जून २०२५ उजाडलं. अण्णांनी यातून वेगळाच धडा घेतला. "आपल्याकडे एक चिमणी पाहिजे होती हो. पाडायला काहीतरी असलं की सरकारचं लक्ष जातं."

शेवटी चिमणीशिवायच विमान आलं. दोन पंख्यांचं, सत्तरेक जागांचं एटीआर. ढोल-ताशे, फेटे, आमदार सगळे हजर. विमान थांबताच अग्निशमनच्या बंबांनी दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी उडवल्या. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. गर्दीतली एक आजी पदर सावरत म्हणाली, "मेल्याला आंघोळ घालतायत, आन् आमच्या घागरी उपड्या."

तीन महिन्यांनी फोन आला. "या महिन्यात दोनदा या. लोड फॅक्टर पडलाय."

लोड फॅक्टर म्हणजे विमानातल्या भरलेल्या जागांचं प्रमाण. सासऱ्याच्या तोंडून हा शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती. सत्तर जागांत तेवीस माणसं बसतात, असं त्यांना विमानतळावरच्या कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंतर समितीनं विमान अक्षरशः खांद्यावर घेतलं. व्यापारी मंडळानं तिकिटांची भिशी लावली. महिला मंडळाच्या अठरा जणी सकाळच्या विमानानं दगडूशेठला येऊन, तुळशीबाग करून, मुक्कामाला आमच्याकडे आल्या, कारण परतीचं विमान थेट दुसऱ्या दिवशी होतं. एका मुलीचं पुण्यातलं स्थळ केवळ मार्गावर आहे म्हणून पक्कं झालं, असं ही सांगते.

आता हिशेब. कोथरूडहून लोहगाव दीड तास. दीड तास आधी पोचायचं. पन्नास मिनिटं आकाशात. उतरल्यावर गाव अठरा किलोमीटर आणि रिक्षा एकही नाही, कारण दिवसातून एका विमानासाठी कुठला रिक्षावाला थांबेल? म्हणून अण्णांच्या स्कूटरवर मागे, मांडीवर बॅग. एकूण पाच तास. स्वारगेटहून एसटीनं साडेपाच लागतात आणि वाटेत भेळ मिळते. वाचलेल्या अर्ध्या तासात अण्णा मला समितीची फाइल दाखवायचे.

आणि हे सगळं, विमान उतरलं तर. गावाला धुक्या-ढगांतून खाली आणणारी आयएलएस यंत्रणा नाही, त्यामुळे पायलटला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. पाच किलोमीटर दृश्यमानता नसेल तर विषय संपला. श्रावणात एकदा आम्ही ढगांवर तीन घिरट्या घातल्या. खाली अण्णा छत्री घेऊन उभे होते म्हणे. त्यांना आमचा आवाज येत होता. मग विमान वळलं आणि मी लोहगावहून लोहगावला सुखरूप पोचलो. बाकरवडीचा पुडा घेऊन घरी आलो तर ही म्हणाली, "एवढ्यात आलात? आई काय म्हणाली?"

त्याच विमानात शेजारी एका विमान कंपनीतला माणूस बसला होता. तो मोकळेपणानं बोलला. लहान कंपनीकडे विमानं मोजकी. एक दुरुस्तीला गेलं की कुठलं तरी गाव वगळायचं, आणि वगळताना भरलेला मार्ग कोण वगळेल? गावाला मुंबई हवी असते, पण मुंबईत उतरायला वेळ मिळत नाही. पुण्यात हवाई दलाच्या सरावातून उरलेली वेळ घ्यावी लागते. म्हणून तुमचं विमान भलत्याच वेळी, आणि वेळ भलती म्हणून माणसं नाहीत. पंगतीत जिलबी कमी पडली की शेवटच्या पानाला नुसता मठ्ठा, तसलं हे. माणूस चांगला होता. त्याचं तिकीट मात्र कंपनीनं काढलेलं होतं.

मी धीर करून अण्णांपुढे सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल ठेवला. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली. त्यानंतर, सरकारी मदतीशिवाय, मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४.

अण्णांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले. "म्हणजे चोपन्न टिकले ना? आपण पंचावन्नावे."

आम्ही पंचावन्नावे झालो नाही. दिवाळीच्या आधी आठवडाभर विमान 'तांत्रिक कारणानं' आलं नाही, मग 'पुढील सूचनेपर्यंत' आलं नाही, आणि सूचनाही आली नाही. मी एसटीनं गेलो, भेळ खाल्ली. धावपट्टीभोवती आता तारेचं कुंपण आहे. शेळ्यांनी पूर्वेकडून वाट केली आहे. अण्णा चार दिवस कमी बोलले. फाइल पोटमाळ्यावर गेली, असं सासूबाई हळूच म्हणाल्या.

परवा ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. आवाज एकदम खणखणीत.

"जावईबापू, वजन किती तुमचं?"

"बहात्तर. का हो, अण्णा?"

"दोन किलो उतरवता येईल का? नवी कंपनी येतेय म्हणतात. एकोणीस सीटचं विमान आहे."