रिठ्याने पिसवा जातात, गोचीड जात नाही

पावसाळा लागला की पेट शॉपच्या काउंटरवर कडुलिंबाची पानं छापलेल्या बाटल्या पुढे येतात. 'नैसर्गिक आहे, बिनधास्त लावा' असं सांगून त्या विकल्या जातात. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. नैसर्गिक शाम्पूला माझा विरोध नाही, उलट पिसवांसाठी मी तो आधी सुचवेन. पण त्याच्या भरवशावर गोचिडीचा बंदोबस्त सोडून दिला तर कुत्रं जिवानिशी जाऊ शकतं.

आधी पिसवांचं बघू. पिसूच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, म्हणून ती साध्या पाण्यात बुडत नाही. फेस लागला की तो थर सुटतो, ती भिजते आणि बुडून मरते. रिठा, शिकेकाई किंवा कुत्र्यांचा साधा सौम्य शाम्पू, सगळे हेच करतात. गोचिडीचं तसं नाही. तिचं तोंड कातडीत रुतलेलं असतं, श्वास ती तासाभरात मोजक्याच वेळा घेते, त्यामुळे दहा मिनिटांच्या फेसाने तिचं काही बिघडत नाही. आणि एकदा खळखळून धुतलं की अंगावर औषध उरतंच किती? सकाळी अंघोळ घातली तरी संध्याकाळी नवी गोचीड चढते.

घरी करायचं तर असं करा. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, सालं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून फडक्यातून गाळा. कोमट झालेल्या अर्ध्या लिटर रिठ्याच्या पाण्यात घाण्याचं कडुलिंब तेल एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, घालून बाटली जोरात हलवा. हे प्रमाण 1 टक्का झालं, याहून जास्त नको. जास्त घातल्याने पिसवा जास्त मरत नाहीत, कातडी मात्र लाल होते. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला एवढं पुरतं, लॅब्राडॉरला दुप्पट लागेल. मिश्रण त्याच दिवशी संपवा. अंघोळीच्या आदल्या दिवशी मात्र चाचणीपुरतं वेगळं मिश्रण करून मांडीच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि चोवीस तास वाट बघा. गाभण कुत्रीला आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना कडुलिंब तेल नकोच. पिल्लांना सौम्य शाम्पू आणि उवांची बारीक फणी, बस्स. पण पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर पिसवांनी रक्त प्यालंय असं समजा आणि डॉक्टरांकडे न्या.

अंघोळीला सुरुवात पाठीपासून करायची नाही. आधी मानेभोवती घट्ट फेसाचं कडं करा. नाहीतर पाणी पडताच पिसवा डोक्याकडे पळतात आणि कानात, डोळ्यांभोवती जाऊन बसतात, जिथे रिठा लावता येत नाही. रिठा डोळ्यात गेला की भयंकर आग होते, म्हणून तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसा. बाकी अंगावर फेस घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात फणी फिरवा आणि दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. फणीत काळी भुकटी आली तर ती ओल्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसूची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे शेवटच्या बादलीत काटकसर होते आणि राहिलेल्या फेसाने कुत्रं पुढे आठवडाभर खाजवत बसतं. बोअरचं पाणी जड असेल तर निदान ती शेवटची बादली नळाच्या पाण्याची ठेवा.

हे आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मधेच सोडलं तर पिसवा परत येतात, कारण अंडी कुत्र्याच्या अंगावरून खाली पडतात आणि कोष जमिनीवर कित्येक आठवडे टिकतो. म्हणून ज्या जुन्या चादरीवर कुत्रं झोपतं ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यात भिजवून कडक उन्हात टाका. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

आता गोचीड. आपल्या घरात दिसते ती तपकिरी गोचीड घरातच राहते, घरातच वाढते. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म झालेली मादी खाली पडते, शहाबादी फरशीच्या सांध्यात किंवा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारांनी अंडी घालते. भिंतीवर वर चढताना दिसतात ती बारीक पिल्लं तिचीच. तिथे शाम्पू काय करणार? सांध्यांत उकळतं पाणी ओता, मग फटी सिमेंटने बुजवून टाका. अंगावरची गोचीड बोटांच्या फटीत, कानात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीखाली शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, काडीने जाळू नका, रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू तर नकाच. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

संरक्षणासाठी मात्र डॉक्टरांकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्यावंच लागतं, तेही कुत्र्याचं वजन करून. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. मानेवर टाकायचं फिप्रोनिलसारखं औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं, त्यामुळे ते टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. रविवारी औषध टाकून सोमवारी रिठ्याने घासलं तर पैसे पाण्यात गेले. आणि घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका, मांजर त्याने मरू शकतं.

काही 'घरगुती' उपायांबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. विडीचा धंदा जिथे मोठा, तिथे तंबाखूचा चुरा सहज मिळतो, पण तंबाखूचं पाणी कुत्र्याला लावू नका. निकोटिन कातडीतून भिनतं, शिवाय कुत्रं अंग चाटतं. लाळ, थरथर, उलट्या सुरू होतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, कुत्र्याच्याही आणि लावणाऱ्याच्याही. टी ट्री तेल पातळ न करता लावलं तर काही थेंबांनीसुद्धा कुत्रं लटपटतं. खाण्यात लसूण घालणं हेही विषच, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हे सगळं नैसर्गिकच आहे ना?

कुत्र्याने खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर गोचीड तापाची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या रक्ताच्या आजाराची, शंका घ्या. एकही गोचीड सापडली नाही तरी घ्या, कारण ती रक्त पिऊन गळून गेलेली असते. अशा कुत्र्याला अंघोळ घालत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि रक्ताची तपासणी करायला सांगा, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजणं आणि स्लाइड (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) दोन्ही.