तर्क, तर आणि चाती : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘तर्क’ या शब्दावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. हा शब्द ‘जर-तर’मधील ‘तर’पासून आला असून ज्ञानेश्वरीतील ‘तरी तर्कु तोचि फरशु’ हा चरण त्याचा पुरावा आहे, हा पहिला; आणि तर्क म्हणजे निव्वळ अंदाज असताना मी त्याला अनुमानाच्या पंक्तीला बसवले, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. ‘तर’ हे संस्कृत ‘तर्हि’चे रूप आहे, जसे ‘जर’ हे ‘यर्हि’चे, ‘तर्क’ मात्र संस्कृत धातूंच्या दहाव्या गणातील (वर्गातील) ‘तर्क्’ धातूपासून आला आहे. ओवीत दोन शब्द शेजारी आले म्हणून ते सोयरे ठरत नाहीत. ‘तर्कु’मधील उकार जुन्या मराठीतील प्रथमेचा आहे, पुढच्या ‘फरशु’, ‘अंकुशु’ यांतही तोच दिसतो. संस्कृतात ‘तर्कु’ असा वेगळा शब्द आहे खरा, पण त्याचा अर्थ सूत कातण्याची चाती. पिळणे, फिरवणे या मूळ अर्थाच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ ‘तर्क्’ धातूचे नाते या चातीशी जोडतात. आपल्या कपाशीच्या मुलखात, जिथे कापड गिरणीचे मालक प्रताप शेठ यांनी 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तिथे ही व्युत्पत्ती कोणालाही आवडावी. अर्थात आवड हा पुरावा नव्हे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण आपण म्हणता त्या कारणाने नाही. अमळनेरात पावसाचा थेंब नसताना बोरी नदी दुथडी वाहताना दिसली, की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण म्हणतो. हे अनुमान, आणि नदीच्या पुराचा हाच दाखला वात्स्यायनांच्या न्यायभाष्यात, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ सूत्रांवरील भाष्यातही आहे. त्यावर कोणी धरणाचे दरवाजे उघडल्याची शंका काढली आणि आपण म्हणालो, की ‘धरणाचे पाणी असते, तर ते इतके गढूळ आणि काडीकचऱ्याने भरलेले नसते’, तर हा झाला तर्क. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, त्याला प्रमाण (खऱ्या ज्ञानाचे साधन) मानत नाहीत, प्रमाणाचा साहाय्यक मानतात; तर्कसंग्रह या न्यायाच्या प्रवेशग्रंथात तर तो संशय आणि विपर्यय (चुकीचे ज्ञान) यांच्यासह अयथार्थ अनुभवात मोजला आहे. तरीही न्यायसूत्रातील व्याख्येत ‘कारणोपपत्तितः’ (कारणाच्या आधाराने) हा शब्द असल्याने कारणावाचूनच्या अंदाजाला तर्क म्हणता येत नाही. तर्क ‘जर-तर’च्या भाषेत बोलतो हे आपल्या कानाने अचूक टिपले, चूक झाली ती त्यावरून व्युत्पत्ती काढण्यात.

तर्क आणि अनुमान समानार्थी असल्याचे माझे वाक्य मी लेखातून काढत आहे. ‘तर्हि’विषयीचा परिच्छेद तसाच राहील.