अ‍ॅपला ‘केयी’ कळत नाही, त्यात पोराचा काय दोष?

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मूल जागतिक दर्जाचं करायचंय? हे पाच नियम पाळा.’ प्रत्येक मुलाला टॅब द्या. कागदी चाचण्या बंद करून दर आठवड्याला ऑनलाइन टेस्ट घ्या. वाचन अ‍ॅपकडून तपासा, अ‍ॅप पक्षपात करत नाही. घरात अहिराणी बोलू नका, स्कोअर घसरतो. महिन्यातून एकदा परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल करा. आणि खाली ‘युनेस्कोची शिफारस’ असं ठोकून दिलंय. हे वाचून माझ्या वहिनीनं दुसरीतल्या पोराशी अहिराणी बोलणंच सोडलं, म्हणून आता उत्तर देणं भाग आहे.

आधी युनेस्को. त्यांचा २०२३चा जागतिक शिक्षण अहवाल नेमका शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच आहे आणि त्याचा सूर या मेसेजच्या उलट आहे. पेरूमध्ये दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्यात ते कसे बसवायचे याचा विचार झाला नाही आणि मुलांचं शिकणं काही सुधारलं नाही, हे उदाहरण त्यातच आहे. तंत्रज्ञान शिक्षकाच्या जोडीला असावं, त्याच्या जागी नको, असं तो बजावतो. यातून टॅबखरेदीची शिफारस काढणाऱ्यानं अहवाल उघडलेला दिसत नाही.

आता तिसरा आणि चौथा नियम एकत्र घेऊ, कारण खरा घात तिथे आहे. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. आपलं पोर पुस्तकातलं ‘केळी’ बघतं, ओळखतं आणि ‘केयी’ म्हणतं. आवाज ओळखणारं अ‍ॅप प्रमाण उच्चारांवर बेतलेलं असेल, तर त्याला हा दुसराच शब्द वाटतो आणि ते चूक मोजतं. जळगावला जयगाव म्हणणाऱ्या मुलखात याला ‘पक्षपात नाही’ म्हणायचं?

आकड्यांत बघा. समजा, दुसरीच्या पोरानं एका मिनिटात ५२ शब्द वाचले. अ‍ॅपनं ९ चुका धरल्या, त्यातल्या ७ नुसत्या ‘ळ’च्या. अ‍ॅपचा हिशेब ४३, आपला ५०. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानात दुसरीचं लक्ष्य मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून. एकच वाचन अ‍ॅपच्या लेखी मागे पडलेलं, खरं तर लक्ष्यात बसलेलं.

म्हणून वाचन गुरुजींनी किंवा बाईंनी समोर बसून तपासावं. मूल वाचत असताना हातातल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, साठ सेकंदाला खूण करायची. गाळलेला किंवा भलताच वाचलेला शब्द ही चूक. स्वतःहून सुधारलेला शब्द चूक नाही. घरच्या बोलीतला उच्चार चूक नाही. शंका आली तर अर्थ विचारायचा. ‘काळा’ला ‘काया’ म्हणणारं मूल काळ्या पाटीकडे बोट दाखवत असेल तर विषय संपला. मोबाईल हवाच असेल तर आवाज रेकॉर्ड करायला वापरा. जूनचं आणि ऑक्टोबरचं वाचन शेजारी ठेवून ऐकलं की फरक कळतो. एक मात्र मान्य करतो: लिहिताना ‘ळ’ लागतोच. श्रुतलेखनात ‘केयी’ आलं तर तेवढा सराव वेगळा घ्या. त्यासाठी घरातली भाषा तोडायचं कारण नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं.

ऑनलाइन टेस्ट. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या तपासणीची, आठ साधनं आहेत, चाचणी हे त्यातलं एक. पहिली-दुसरीला तर आकारिकचा वाटा ७० टक्के. गूगल फॉर्मवर चाचणी घ्यायला हरकत नाही, पण छोट्या उत्तरात फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो. मुलानं मराठी अंकात बारा लिहिलं आणि उत्तरसूचीत इंग्रजी अंक असेल तर शून्य गुण! दोन्ही रूपं सूचीत घाला, नाहीतर पर्याय द्या. आणि पर्यायही चुका ओळखून बनवा. ५०३ वजा २७८ ला २२५, ३७५, ३३५, २३५ हे चार द्या. ३७५ म्हणणारा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतोय. ३३५वाल्यानं शतक सुटं केलं, पण शतकही कमी केलं नाही आणि दशकही. २३५वाल्याचा फक्त दशक कमी करायचा राहिला. तिघांना उद्या वेगवेगळं शिकवायचंय; नुसत्या ‘६० टक्के’वरून हे दिसत नाही.

टॅबचं थोडक्यात: प्रत्येकाला तो लागतच नाही. प्लिकर्ससारख्या साधनात मुलांच्या हातात छापील कार्ड असतं, उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं; फोन एकट्या शिक्षकाकडे, त्यानं कार्डं स्कॅन करायची. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन स्कॅन चुकतं; बोटं कार्डावरच्या काळ्या चौकटीवर येऊ देऊ नका.

व्हिडिओ कॉलमध्ये अर्धं तथ्य आहे. जगाशी ओळख हवीच, पण बहुतेक कॉल हात हलवण्यात आणि फोटोत संपतात. त्यापेक्षा २३ सप्टेंबरच्या आसपास दोन्ही शाळांनी एक मीटरच्या काठीची दुपारची सर्वांत लहान सावली मोजून एकमेकांना कळवावी. आपल्याकडे १२:१० ते १२:३५ दर पाच मिनिटांनी खूण करा. घड्याळाचे बारा धरलेत तर माप चुकेल. खानदेशात सुमारे ३८ सेंटिमीटर येईल, टोकियोत ७२. मग पाचवीला विचारा, टोकियो आपल्या उत्तरेला की दक्षिणेला? लांबी एकटी पुरत नाही: सिडनीतही ६७ येते, पण ती सावली दक्षिणेकडे पडते. तेव्हा लांबीसोबत दिशाही मागवा.