साहेबांचं भांडण आणि आपला राजीनामा

सध्या आमच्या आयटी कंपनीत वरच्या दोन साहेबांचं जुंपलंय. एक म्हणतो जुने क्लायंट सांभाळा, दुसरा म्हणतो सगळं एआयवर न्या नि माणसं कमी करा, आणि दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, जे काय बोलायचं ते आम्हाला सीसीत ठेवून. सकाळी एकानं काम दिलं की दुपारी दुसऱ्याचा माणूस येऊन विचारणार, हे करायला कोणी सांगितलं? त्यात कपातीची लिस्ट निघणार म्हणून कुजबुज चालूए. मग हिंजवडीतल्या टपरीवर दुसरा विषयच नाही, कोण कोणाच्या गटातला आणि कोणाचा गट टिकणार.

माझं मत विचाराल तर गट निवडायचा हा जुगार खेळूच नका राव. २०१७ चं इन्फोसिस आठवा. १८ ऑगस्टला सीईओ विशाल सिक्कांनी राजीनामा दिला तेव्हा अख्खं बोर्ड त्यांच्या बाजूनं संस्थापक नारायण मूर्तींच्या विरोधात उभं होतं, आणि २४ तारखेला चेअरमन शेषसायीच पायउतार झाले, त्यांच्या जागी सहसंस्थापक नंदन निलेकणी परत आले. आठवड्याभरात पारडं फिरलं! बोर्डात बसलेल्यांना अंदाज येत नाही तिथं आपण टपरीवर काय ओळखणार. आणि साहेबाच्या जवळ असलं की वाचतो हेही खोटं, २०२५ च्या जुलैत टीसीएसनं १२ हजारांच्या आसपास लोक कमी करायचं जाहीर केलं त्यात मुख्यतः मधल्या नि वरच्या फळीतलेच होते.

त्यापेक्षा एका गोष्टीची तयारी ठेवा. एचआर छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावते आणि गोड आवाजात म्हणते, तुम्हीच रिझाइन करा ना, रेकॉर्ड क्लीन राहील. तिथल्या तिथं सही करू नका. स्वतःहून राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागायला जागाच उरत नाही. कंपनीनं काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, असं कायदा सांगतो. आता मॅनेजर लोकांना हे संरक्षण बहुतेक मिळत नाही, नुसतं डेझिग्नेशन मॅनेजरचं आणि काम कोडिंगचं असेल तर मात्र वाद घालता येतो, कारण बघतात ते प्रत्यक्ष काम. म्हणून अप्रेझलची पत्रं, सॅलरी स्लिपा आत्ताच घरी आणून ठेवा, लॅपटॉप काढून घेतला की संपलं. (क्लायंटचा डेटा नाही हं, फक्त आपली कागदपत्रं.) पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा देऊनही मिळते, ती उपकार म्हणून दाखवली तर भुलू नका.

आणि मेडिक्लेम! आईवडील कंपनीच्या पॉलिसीत असतील तर नोकरीबरोबर तेही जातं, नवी काढली की बीपी-शुगरला वेटिंग पिरियड लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. कंपनीची पॉलिसी पोर्ट करता येते का, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतःच्या नावावर पुढे नेता येते का, ते नोकरी असतानाच विचारून घ्या.

बाकी पुण्यात लेबर मॅटर बघणारा बरा वकील कोणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा, टीममधल्या एकाला परवा त्या रूममध्ये बोलावलंय.